कप उभा राहतो, माणूस पडतो : रेखाटन, मातीकाम, लाईफ ड्रॉइंग... आधी काय?

रेघोट्या
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

वय बेचाळीस. शाळेत डोंगरामागून उगवणारा सूर्य यापलीकडे माझी चित्रकला गेली नाही. वर्षभरापूर्वी संध्याकाळच्या मातीकामाच्या वर्गाला जायला लागले आणि तिथे चक्क जमतंय. कप होतात, वाडगे होतात, फारसे डगमगत नाहीत. तेवढ्या भरवशावर तीन महिन्यांपूर्वी लाईफ ड्रॉइंगच्या, म्हणजे समोरच्या जिवंत मॉडेलकडे बघून माणूस काढायच्या, सत्रांना नाव घातलं. तिथे मात्र पार वाट लागली आहे. माझा माणूस कागदावर उभाच राहत नाही! डोकं भलं मोठं, पाय कागदाबाहेर, आणि अख्खा माणूस डावीकडे कोसळतोय असं दिसतं. भुवया मात्र सुरेख येतात, कारण निम्मा वेळ मी त्यांच्यावरच घालवते.

विचारायचं आहे ते असं. आधी वर्षभर नुसतं पायाभूत रेखाटन गिरवू का, घन, शंकू, दंडगोल वगैरे? तोवर मातीकाम बंद ठेवू का? एका वेळी एकच धरावं असं घरचे म्हणतात. आणि पेन्सिली नक्की कोणत्या घ्यायच्या? माझ्याकडे चोवीसचा डबा आहे, त्यातल्या तीनच झिजल्यात.

एक तक्रारही आहे. गेल्या सत्रात शिकवणाऱ्यांनी माझ्या हातातला चारकोल घेतला आणि माझ्याच कागदावर खांदे, कंबर, सगळं दुरुस्त करून टाकलं. शेवटी सगळ्यांची चित्रं भिंतीला लावली तेव्हा माझं सगळ्यांना आवडलं. घरी आणून गुंडाळून कपाटावर टाकलंय. बघवत नाही.

अर्धी_पेन्सिल
पेन्सिलींचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण त्यावर लोक महिनोनमहिने घालवतात. एच म्हणजे कडक आणि फिकट, बी म्हणजे मऊ आणि गडद. एचबी, २बी, ६बी. संपलं. झिजलेल्या तीन बहुधा याच असतील. लाईफ ड्रॉइंगला तर पेन्सिलच नको. विलो चारकोलची, म्हणजे विलो झाडाच्या काडीच्या कोळशाची, कांडी आणि मोठ्यात मोठा स्वस्त कागद घ्या. चारकोल बोटाने पुसला जातो, म्हणून चुकायची भीती कमी होते. दाबून बनवलेला काळाकुट्ट चारकोल मिळतो तो सध्या लांब ठेवा, तो सहजासहजी निघत नाही. आणि मळता येणारा खोडरबर घ्या. त्याने खोडायचंच असतं असं नाही, टिपून उजेड काढता येतो.

घन-शंकू वर्षभर अजिबात नको. कंटाळून सोडून द्याल. तुमच्याकडे स्वतः केलेले कप आहेत ना? एक टेबलावर ठेवा आणि काढा. मी पैजेवर सांगतो, दोन चुका होतील. पहिली, तोंडाच्या लंबवर्तुळाला दोन्ही बाजूंना टोकं येतील, डोळ्यासारखी. तिथे टोक नसतं, कितीही चपटं असलं तरी ते वळतंच. दुसरी, तोंड गोल काढाल आणि बूड सरळ रेषेत, कारण कप टेबलावर सपाट बसलाय हे तुम्हाला ठाऊक आहे. पण नजरेच्या पातळीपासून जितकं खाली जाल तितकं वर्तुळ जास्त उघडं दिसतं. म्हणजे बुडाची कड तोंडापेक्षा जास्त वळलेली हवी. माहीत आहे ते काढायचं की दिसतंय ते, ही मारामारी कपात सुटली तर माणसात निम्मी सुटते. मांडी म्हणजे तिरका धरलेला दंडगोलच आहे.

माणूस पडतो त्याचं कारण मला बरंचसं कळलंय, पण आधी एक सांगा. सुरुवात कुठून करता?

रेघोट्या
डोळ्यांपासून. मग नाक. 😐

अर्धी_पेन्सिल
वाटलंच.

डोळ्यांपासून खाली येत गेलं की पायाला कागद पुरत नाही. पुढच्या वेळी आधी कागदावर दोन खुणा करा, डोकं इथे आणि टाचा इथे. मग मधोमध एक. उभ्या मोठ्या माणसाचा मध्य साधारण जांघेच्या पातळीवर येतो, कमरेवर नाही. नवशिके तो हमखास कमरेवर धरतात आणि पाय आखूड होतात. उंची साधारण साडेसात डोकी. चित्र जरा भारदस्त दिसावं म्हणून आठही धरतात. पण हे आकडे उभ्या माणसाला. बसलेल्या किंवा तुमच्याकडे पाय करून आडव्या पडलेल्या माणसाला ते लावायला गेलात तर फसाल. तिथे मोजायचं.

मोजताना पेन्सिल धरलेला हात पूर्ण लांब, कोपर ताठ, एक डोळा बंद. पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत एक डोकं पकडा आणि ते खाली किती वेळा बसतं बघा. सगळे कोपर मध्येच वाकवतात आणि मग म्हणतात मापं जुळत नाहीत. डोळा आणि पेन्सिल यांतलं अंतर बदललं की माप बदललं, सरळ हिशोब आहे.

शंकेखोर
एवढा खटाटोप कशाला? फोटोवरून काढा. फोटो हलत नाही, दमत नाही, हवा तेवढा वेळ समोर.

अर्धी_पेन्सिल
काढा की. मीही काढतो. पण तीन मितींचं सपाट करण्याचं काम कॅमेऱ्याने आधीच उरकलेलं असतं, आणि शिकायचं होतं ते नेमकं तेच. शिवाय जवळून घेतलेल्या फोटोत पुढे आलेला हात राक्षसासारखा मोठा होतो आणि लोक तो तसाच्या तसा उतरवतात.

स्तब्ध
मी या धाग्यातली वेगळी जमात. मी लाईफ ड्रॉइंगसाठी मॉडेल म्हणून उभा राहतो, सहा वर्षं झाली. ईझलच्या, म्हणजे चित्राच्या घोडीच्या, पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

शंकेखोर, मॉडेल हलतो हाच तर मुद्दा आहे. सत्राच्या सुरुवातीला तीस सेकंद, एक मिनिट, दोन मिनिटांच्या पोझ असतात. नवी मंडळी त्या वेळात पेन्सिलीला टोक करत बसतात, खरा खेळ पुढे आहे असं समजून. मला विचाराल तर खरा खेळ तोच. तीस सेकंदात भुवई काढता येत नाही, त्यामुळे शरीर कुठे ताणलंय आणि कुठे दबलंय एवढंच कागदावर येतं.

लांब पोझ आमच्याकडे वीस मिनिटांची, मग विश्रांती. पायांभोवती चिकटपट्टीच्या खुणा करतात म्हणजे परत तिथेच उभं राहता येतं. पाय जागेवर येतात, बाकीचं अंग तंतोतंत येत नाही. एका पायावर भार देऊन उभा असेन तर त्या बाजूचं कमरेचं हाड वर जातं आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. पहिल्या मिनिटाला हा तिरकेपणा स्पष्ट असतो. बाराव्या मिनिटाला मी खचलेला असतो, कंबर बसते, मान पुढे येते. म्हणून दोन तिरक्या रेषा आधी मारून घ्या, खांद्यांची आणि कमरेची, आणि मी खचलो तरी त्या बदलू नका. निम्मे लोक माझ्याबरोबर आपलं चित्रही खचू देतात.

रेघोट्याताई, तुमचा माणूस का पडतो ते आता. समोरून बघताना गळ्याच्या खाली, दोन कॉलरबोनच्या मध्ये जो खड्डा असतो तिथून सरळ खाली ओळंबा सोडा. मी एका पायावर भार देऊन उभा असेन तर तो ओळंबा त्याच पायाच्या पावलाजवळ येतो. आला नाही तर मी खरोखरच पडेन. मला हे अंगाने कळतं, तुम्हाला डोळ्याने शोधावं लागेल. घरी आरशासमोर उभ्या राहून एक पाय हळूच उचला. उचलण्याआधी अख्खं धड बाजूला सरकतं, ते लक्ष देऊन बघा.

(जाता जाता : विश्रांतीच्या वेळी फोन बाहेर काढू नका, आणि पोझ दुरुस्त करायला मॉडेलला हात लावू नका. तोंडाने सांगा, आम्हाला ऐकू येतं.)

खोडरबर
स्तब्ध, हा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवला. +१००

चाकावरची_माती
आता मातीबद्दल. घरच्यांना सांगा, मातीकाम बंद होणार नाही.

पण तुमचे कप जमतात या म्हणण्यावर माझा विश्वास नाही. राग मानू नका. आतून पाहिलेत का? मी शिकत होतो तेव्हा पहिले पंधरा-वीस नग चाकावरून उतरवायच्या आधी तारेने उभे कापायला लावायचे. वरून खालपर्यंत, मधोमध. डोळ्यांत पाणी यायचं. बाहेरून कप देखणा असायचा आणि कापला की दिसायचं, वर भिंत दोन-तीन मिलिमीटर, खाली बुडाजवळ बोटभर जाड गोळा तसाच बसलेला. माती वर खेचताना खालची बोटं दाबच देत नव्हती. बाहेरून हे कधीच कळत नाही, हातात घेतल्यावर कप दिसतो त्यापेक्षा जड लागतो एवढंच.

मुद्दा असा की मातीत तुम्ही आकार बाहेरून काढत नाही, आतून फुगवता. वाडग्याचा पोटाचा फुगवटा आतल्या हाताने येतो, बाहेरचा हात नुसता सावरतो. लाईफ ड्रॉइंगमध्ये तुम्ही कडेची रेघ काढताय आणि आत काही नाही. बरगड्यांचा पिंजरा हा उलट्या घातलेल्या वाडग्यासारखा आहे, ओटीपोटाचं हाड हे दुसरं भांडं, दोन्ही वेगवेगळ्या बाजूंना कललेली. तुम्हाला भांडी ठाऊक आहेत, मग माणसापाशी आल्यावर ती विसरता कशाला?

एक करून बघा. वीस मिनिटांच्या पोझला कागद बाजूला ठेवा, मुठीएवढी माती घ्या आणि वीतभर उंचीचा माणूस करा. आत तार-बीर काही घालायची नाही. तो पडेल. पडला की पुन्हा उभा करा. कागदावरचा माणूस पडतोय असं नुसतं वाटतं, हा खरंच पडतो. चेहरा करायचा नाही, नुसते ढेकळांचे तुकडे एकावर एक.

जुनी_भट्टी
याला मोठी परंपरा आहे बरं का. लिओनार्डो मातीच्या आकृत्या करून त्यांवर मातीत बुडवलेली ओली फडकी टाकायचा आणि त्या चुण्या बघून रेखाटनं करायचा, असं त्याचा चरित्रकार वसारीने लिहून ठेवलंय. फ्रेंच चित्रकार देगाचं तर वेगळंच. १८८१ साली त्याने मेणाची एक नर्तिका प्रदर्शनात मांडली, त्यानंतर शिल्प म्हणून काहीही लोकांसमोर आणलं नाही. १९१७ मध्ये तो गेल्यावर स्टुडिओत दीडशेच्या आसपास आकृत्या सापडल्या, बऱ्याचशा मेणाच्या, कित्येक मोडकळीला आलेल्या. तोल सावरणाऱ्या नर्तकी, घोडे, अंग पुसणाऱ्या बायका. चित्रांत आहेत त्याच.

आणि रेघोट्याताई, तुम्ही त्या सत्रात बसू शकता हेही तसं अलीकडचंच. लंडनच्या रॉयल अकादमीच्या १७६८ च्या संस्थापकांत दोन स्त्रिया होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. पुढे झोफनी या चित्रकाराने सभासदांचं चित्र रंगवलं, त्यात बाकीचे नग्न मॉडेलभोवती जमलेत आणि या दोघी? भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत! त्या खोलीत बायकांनी असणं शोभत नव्हतं ना. तिथे विद्यार्थिनींना लाईफ क्लास मिळाला तो १८९३ मध्ये, तोही मॉडेल अर्धवट वस्त्रात. अमेरिकेत फिलाडेल्फियाला चित्रकलेचा शिक्षक टॉमस इकिन्सने मुली असलेल्या वर्गात पुरुष मॉडेलचं लंगोटवजा वस्त्र काढलं, म्हणून १८८६ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला.

शंकेखोर
विषयांतर. पण छान विषयांतर.

खोडरबर
चाकावरची_माती, तो मातीचा माणूस भट्टीत टाकायचा का? आमच्या वर्गात सांगतात की आत हवेचा बुडबुडा राहिला की फुटतो आणि शेजारच्यांचीही भांडी घेऊन जातो. गेल्या महिन्यात माझा एक घुबड फुटला. मातीचा. 😔

चाकावरची_माती
बुडबुड्याला उगाच फाशी देतात. फोडतं ते पाणी. माती वरून कोरडी दिसते, पण जाड भागाच्या पोटात ओल असते. भट्टी शंभर अंशांच्या पुढे गेली की त्या पाण्याची वाफ होते, तिला साधारण सतराशेपट जागा लागते, आणि वाट मिळाली नाही की ढेकूळ उडतं. पोकळ बंद आकार बिनधास्त भाजता येतो, पूर्ण वाळलेला असेल तर. तरी टाचणीने एक भोक पाडून ठेवावं. बुडबुडा चाकावर त्रास देतो, भिंत खेचताना बोटाला अडतो, म्हणून मळून काढायचा.

वाळलं की नाही हे बघायला तुकडा गालाला लावा. गार लागला तर अजून पाणी आहे. मला इतक्या वर्षांनीही याहून चांगलं यंत्र मिळालेलं नाही.

घुबड किती जाड होतं?

खोडरबर
भरीव. नारळाएवढं.

चाकावरची_माती
मग काय होणार.

भरीव काम अर्धवट सुकून कातड्यासारखं घट्ट झालं की तारेने कापायचं, आतून कोरून भिंत बोटाच्या जाडीची ठेवायची, कडांवर चरे पाडून पातळ कालवलेली माती लावायची आणि परत जोडायचं. मग प्लॅस्टिकखाली सावकाश वाळू द्यायचं. कपाचे कान तडकतात तेही यातूनच. कान बारीक म्हणून आधी वाळतो, आकसतो, आणि अजून ओल्या असलेल्या कपापासून सुटतो. कानावर प्लॅस्टिक जास्त, कपावर कमी.

पहिली भाजणी आमच्याकडे हजार अंशांच्या आसपास, स्टोनवेअरची, म्हणजे दगडासारख्या कडक होणाऱ्या मातीच्या भांड्यांची, ग्लेझ (काचेसारखा लेप) भाजणी बाराशेच्या वर. वाळण्यापासून ते शेवटच्या भाजणीपर्यंत नग मिळून दहा-बारा टक्के आकसतो. मनाजोगता केलेला कप बाहेर येतो तेव्हा बोटं कानात जात नाहीत, असं प्रत्येकाचं एकदा होतंच. चढताना आणि उतरताना ५७३ अंशांपाशी मातीतल्या क्वार्ट्झचे स्फटिक रूप बदलतात, तिथे घाई केली तर तडा. म्हणून भट्टी दुसऱ्या दिवशी उघडायची, आत काय झालंय ही उत्सुकता कितीही छळली तरी.

आणि सगळ्यांसाठी : वाळलेली माती झाडूने झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

अर्धी_पेन्सिल
रेघोट्याताई, तुमच्या तक्रारीवर कोणीच बोललं नाही. मी बोलतो, कारण मीही हे पाप केलंय. विद्यार्थ्याच्या कागदावर हात चालवला की दोन मिनिटांत चित्र सुधारतं, दोघांनाही बरं वाटतं, आणि विद्यार्थी शिकत काहीच नाही. आता मी समासात छोटं रेखाटन करून दाखवतो, किंवा वर ट्रेसिंग कागद टाकून त्यावर. पुढच्या वेळी सरळ म्हणा, बाजूला दाखवा, माझ्यावर नको. शिकवणाऱ्याने रागवायचं कारण नाही.

पण ते गुंडाळलेलं चित्र काढा. तुमच्या रेघा खाली दिसत असतील, चारकोल पूर्ण जात नाही. त्यांनी खांद्याची रेघ किती अंश हलवली ते मोजा.

रेघोट्या
काढलं. माझे खांदे पार आडवे, पट्टीने मारल्यासारखे, आणि कंबरही. त्यांचे दोन्ही तिरके, एकमेकांच्या उलट. बाकी त्यांनी फारसं काही केलेलंच नाही. दोन रेघा. मी उगाच सगळं दुरुस्त केलं म्हणून रडत होते.

---

रेघोट्या
धागा वर काढतेय, सहा आठवड्यांनी.

कप कापले. नऊ. बोलायलाच नको, सगळ्यांच्या बुडात गोळा. दहाव्याला जरा कमी.

दोऱ्याला खोडरबर बांधून ओळंबा केलाय (आयडीधारकाने राग मानू नये). गळ्याच्या खड्ड्यासमोर धरते आणि पाऊल कुठे आहे ते बघते. शेजारची बाई विचारत होती, मॉडेलवर मंत्र टाकताय का.

आणि मातीचा माणूस केला. पहिल्यांदा मागे पडला. दुसऱ्यांदा डावीकडे, अगदी कागदावर पडतो तसाच. तेव्हा बघितलं तर धड पायाच्या वर नव्हतंच, दोन पायांच्या मध्ये होतं, आणि मॉडेल तर उजव्या पायावर उभी होती. धड धरून उजवीकडे ढकललं. खांदे आपोआप कलले, मला करावे लागले नाहीत. हात सोडला आणि राहिला. त्यानंतरच्या पोझला कागद घेतला तर भुवया काढायची आठवणच झाली नाही.

हात-पंजे नाहीत, मनगटापाशी संपतो. भाजायचा आहे. कापू कुठून?

चाकावरची_माती
कमरेतून. सांधा पोटाच्या घडीत लपतो. पाय पोकळ करू नका, बारीकच आहेत, सावकाश वाळवा. काप घ्यायच्या आधी बाजूला उभी खूण करून ठेवा, म्हणजे जोडताना फिरणार नाही. दोन्ही तुकडे एकाच प्लॅस्टिकखाली.

स्तब्ध
पंजे नाहीत म्हणजे कोणी ओळखणार नाही. चांगलं आहे.

रेघोट्या
कापला, कोरला, जोडला. काप थोडा तिरका गेला होता, त्यामुळे वरचा भाग बसवल्यावर बाहेरच्या बाजूला गेलाय. ओळंबा लावला, पावलाच्या तीन-चार मिलिमीटर बाहेर. पडलेला नाहीये अजून, पण पडणार. पुन्हा ओला करून उघडतेय.